वऱ्हाडातील हॉटेल फ्रँचायझी : पाटी कंपनीची, कर्ज मालकाचे

निवासी हॉटेलची फ्रँचायझी घेणे म्हणजे नाव भाड्याने घेणे. जागा, इमारत, कर्ज, नोकरमाणसे आणि तोटा मालकाचा; पाटी, बुकिंगची यंत्रणा आणि कामाची नियमावली साखळी-कंपनीची. मालक सुरुवातीला एक रक्कम भरतो आणि पुढे करार असेपर्यंत उत्पन्नातला ठरलेला हिस्सा देत राहतो. अमरावती किंवा अकोल्यात हमरस्त्यालगत जमीन असलेल्या, कापूस-डाळीच्या धंद्यात किंवा बांधकामात दोन पैसे गाठीला बांधलेल्या माणसापुढे हा प्रस्ताव येतो, तेव्हा खरा प्रश्न एकच असतो: या नावाचे पैसे फिटतात का? थोडक्यात उत्तर असे की पाहुणा परका असेल तर फिटण्याची शक्यता असते, गावातलाच असेल तर फारशी नसते. वऱ्हाडातल्या बऱ्याच हॉटेलांचा गल्ला तर गावातल्याच माणसांवर भरतो.

ही पद्धत अमेरिकेत वाढली. केमन्स विल्सन या बांधकाम व्यावसायिकाने १९५२ मध्ये मेम्फिस येथे पहिले ‘हॉलिडे इन’ उघडले आणि पुढे तेच नाव, तशाच खोल्या, तीच शिस्त इतरांना शुल्क घेऊन द्यायला सुरुवात केली. मोटारीने हिंडणाऱ्या कुटुंबाला अनोळखी गावात रात्री कुठे उतरावे याची धास्ती असे. नावाने ती धास्ती घालवली. अमेरिकेतली मोटेले पुढे मोठ्या प्रमाणात गुजराती पटेल कुटुंबांच्या हाती गेली आणि त्यांच्यासह भारतीय मालकांची ‘आहोआ’ ही संघटना १९८९ मध्ये उभी राहिली. फ्रँचायझी देणाऱ्यांनी मालकांशी न्यायाने वागावे म्हणून या संघटनेने १९९८ मध्ये बारा कलमे मांडली. नाव देणारा आणि नाव घेणारा यांचे हित एकच असते, हा समज तिथल्या मालकांनी अनुभवाने केव्हाच सोडला होता, हे त्या कलमांवरून दिसते.

भारतात सरोवर (१९९४), जिंजर, लेमन ट्री, रॉयल ऑर्किडची रिजेंटा, फर्न, लॉर्ड्स अशा साखळ्यांनी महानगरांपलीकडची शहरे धरली. मे २०२५ मध्ये मॅरियटने ‘सिरीज बाय मॅरियट’ ही श्रेणी जाहीर केली आणि भारतात त्यासाठी फर्न चालवणाऱ्या कन्सेप्ट हॉस्पिटॅलिटीशी हातमिळवणी केली. कंपन्यांना स्वतःचे भांडवल इमारतीत अडकवायचे नसते, त्यामुळे दुय्यम शहरातली चालती हॉटेले आपल्या नावाखाली आणणे त्यांना सोयीचे पडते. अकोल्याच्या मालकाला कंपनीचा फोन येतो तो या कारणाने. त्याच्या हॉटेलाची कीर्ती तिथवर पोहोचलेली असतेच असे नाही.

तीन व्यवस्थांची गल्लत नेहमी होते. फ्रँचायझीत हॉटेल मालकच चालवतो. व्यवस्थापन करारात कंपनी आपला महाव्यवस्थापक पाठवते, हॉटेल तीच चालवते आणि एकूण उत्पन्नाचा हिस्सा व शिवाय नफ्यातला वाटा घेते. तोटा मात्र मालकाकडेच राहतो. भाडेपट्ट्यात कंपनी इमारत घेते आणि भाडे देते. मालकाला रात्री शांत झोप या तिसऱ्या प्रकारात लागते, म्हणूनच छोट्या शहरात तो सहजी मिळत नाही. बरीचशी साखळी-नावे लहान हॉटेलाला निव्वळ फ्रँचायझी देण्याऐवजी व्यवस्थापन कराराचाच आग्रह धरतात, कारण अननुभवी मालकाच्या हाती नाव सोपवणे त्यांना धोक्याचे वाटते.

नावावर ताबा नसला की काय होते याचा दाखला वऱ्हाडाच्या घरातच आहे. शेगाव स्थानकावर प्रसिद्धीला आलेल्या कचोरीचे नाव आज राज्यभरच्या गाड्यांवर आणि दुकानांवर लागलेले दिसते. त्यातल्या अनेकांचा मूळ विक्रेत्याशी काडीचा संबंध नसतो, आणि चवीची हमी कोणीच देत नाही. फ्रँचायझीत नाव कुलूपबंद असते. गादीची जाडी, टॉवेलचे वजन, न्याहारीतले पदार्थ, स्वागतकक्षावरच्या माणसाचा गणवेश, सारे नियमावलीत लिहिलेले असते आणि तपासनीस न कळवता येऊन खोलीत राहून जातो. शुल्क भरायचे ते या शिस्तीचे.

शिस्त विकत घेण्याआधी पाहुणा कोण हे पाहायला हवे. अमरावती हे विभागीय आयुक्तालयाचे ठिकाण आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून इथे आहे. त्यामुळे सरकारी कामे, परीक्षा, मुलाखती, न्यायालय यांसाठी बाहेरगावचा माणूस बारमाही येतो. तो मुक्काम करतो, पण लॉजच्या दरात. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडसह कापडाचे कारखाने आहेत. तिथेच केंद्राच्या पीएम मित्र योजनेतले वस्त्रोद्योग उद्यान व्हायचे असून त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील कार्यक्रमात झाली. यंत्रे बसवायला येणारा अभियंता, खरेदीदार, लेखापरीक्षक हे साखळी-नावाचे खरे गिऱ्हाईक: बिल कंपनी भरते, बुकिंग बंगळूरच्या किंवा मुंबईच्या कचेरीतून होते, आणि तिथल्या माणसाला अमरावतीतल्या कोणत्याही स्थानिक हॉटेलाचे नाव ठाऊक नसते.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. विमान एटीआर जातीचे, आसने सत्तरच्या आसपास. एवढ्यावर हॉटेल उभे राहत नाही. एअर इंडियाने तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली, ती जास्त उपयोगाची, कारण प्रशिक्षक, परीक्षक आणि पालक यांची ये-जा वेळापत्रकावर अवलंबून नसते. अकोल्याचे शिवणी विमानतळ आखूड धावपट्टीमुळे नियमित सेवेविना पडून आहे.

अकोल्याची मागणी वेगळ्या वळणाची आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आणि महाबीजचे मुख्यालय १९७६ पासून इथे असल्याने बियाणे, खते आणि कीटकनाशके यांच्या कंपन्यांचा राबता असतो. खरिपाच्या तोंडावर, एप्रिल ते जूनमध्ये, विक्रेत्यांचे मेळावे भरतात: दिवसभर सभागृहात सादरीकरण, दुपारी जेवण, संध्याकाळी बक्षिसे, आणि लांबच्या तालुक्यांतून आलेल्या विक्रेत्यांना रात्रीच्या खोल्या. डाळ मिलांकडे येणारे दलाल आणि यंत्रवाले वर्षभर असतात. पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबरअखेर, विद्यापीठाचे कृषी प्रदर्शन भरते तेव्हा शहरातल्या खोल्या भरतात. मग जानेवारी उजाडतो आणि निम्म्या खोल्या रिकाम्या पडतात.

रस्त्यांबद्दलची अपेक्षा सर्वांत फसवी. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील अमरावती–अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला, तेव्हा महामार्गावर हॉटेलांचे दिवस आले असे बोलले गेले. झाले थोडे उलटेच. रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा औषध कंपनीचा प्रतिनिधी अकोल्यात मुक्काम करी. आता तो अमरावतीहून सकाळी निघून डॉक्टरांच्या भेटी आटोपतो आणि रात्री घरी जेवतो. समृद्धी महामार्गाचेही तेच. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तसे मुंबई–नागपूर हे ७०१ किलोमीटर एका दिवसाचे झाले. हा मार्ग अमरावती जिल्ह्याच्या दक्षिणेतून जातो, अकोला शहर बाजूलाच राहते, आणि प्रवेश-निर्गम ठरावीक ठिकाणीच असल्याने वाटेत पाटी दिसली म्हणून कोणी वळत नाही. चांगल्या रस्त्याने जेवणारे वाढतात, झोपणारे घटतात. महामार्गावर गुंतवणूक करायचीच असेल तर खोल्यांपेक्षा स्वच्छतागृह, पार्किंग आणि भोजनगृह यांच्या फ्रँचायझीचे गणित अधिक जुळते.

चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. सुमारे ११०० मीटर उंचीवरचे विदर्भातले हे थंड हवेचे ठिकाण, आणि त्याला लागून १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत निवडलेला मेळघाट. इथला पाहुणा पर्यटक, म्हणजे परका. नावाला किंमत देणारा. पण तो येतो मुख्यतः पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी. त्या दोन रात्री खोली मागेल तो दर देतात आणि मंगळवारी कुत्रे हिंडते. शिवाय वनकायदा, व्याघ्र प्रकल्पाभोवतालचे निर्बंध आणि सिडकोचे नियोजन यांतून बांधकामाची परवानगी काढणे हा वेगळाच व्याप आहे; सिडकोचाच काचेचा स्कायवॉक वनखात्याच्या मंजुरीपायी किती रखडला हे सर्वांनी पाहिले. एमटीडीसीचे पर्यटक निवास आणि वनखात्याची सेमाडोह-कोलकास येथील निवासस्थाने दराला चाप लावतात ते वेगळेच.

दराला चाप लावणारी आणखी मोठी गोष्ट शेगावात आहे. गजानन महाराज संस्थानची भक्तनिवासे अल्प दरात स्वच्छ खोली देतात आणि तिथली टापटीप पाहून भल्याभल्या हॉटेलांनी लाजावे. अकोल्याहून तासाभराच्या अंतरावरचा हा यात्रेकरू मोजून अकोल्याच्या प्रकल्प अहवालात धरला जातो, ती निव्वळ कागदी भर असते. वऱ्हाडी माणसाची मुक्कामाची कल्पनाच मुळात धर्मशाळेवर पोसलेली. शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या प्रदेशातला माणूस देवाच्या गावी झोपण्याचे तीन हजार रुपये सहज मोजत नाही.

उरते लग्न. वऱ्हाडात हॉटेलाचा धंदा खरा लग्नसराईत होतो. हजार-दीड हजार पानांची पंगत, हळद, संगीत, आदल्या रात्री वरपक्षासाठी वीस-पंचवीस खोल्या. ही बुकिंगे कोणत्याही संकेतस्थळावरून येत नाहीत. यजमान स्वतः येऊन लॉन बघतो, मोटारी कुठे लागतील ते विचारतो, भरीत-भाकरीची चव घेतो, आणि मालकाच्या चुलत्याची ओळख काढून भाव पाडून घेतो. इथे कंपनीच्या नावाने फार तर पत्रिकेवर शोभा येते. म्हणूनच करारात शुल्क केवळ खोल्यांच्या उत्पन्नावर आहे की एकूण उत्पन्नावर, हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अमरावती-अकोल्यात कितीतरी महत्त्वाचा ठरतो. एकूण उत्पन्नावर टक्केवारी मान्य केली तर मालक स्वतःच्या नातेसंबंधांवर मिळवलेल्या लग्नाचा हिस्सा विनाकारण दुसऱ्याला देत राहतो.

आता आकडे. समजा ४० खोल्यांचे हॉटेल आहे. वर्षाला १४,६०० रूम-नाइट (एक खोली, एक रात्र) विकायला उपलब्ध. त्यातल्या ५५ टक्के विकल्या तर ८,०३०. सरासरी दर २,५०० रुपये धरला तर खोल्यांचे उत्पन्न दोन कोटींच्या किंचित वर. रॉयल्टी, जाहिरात-निधी, आरक्षण यंत्रणा, सदस्य-योजना अशी सगळी शुल्के मिळून खोल्यांच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंत सहज जातात. म्हणजे सुमारे २० लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून पावणेचोवीस लाख. एक जादा खोली विकली गेली की धुलाई, वीज, न्याहारी आणि दलाली वजा जाता समजा १,९०० रुपये हाती उरतात. तर या शुल्काची भरपाई होण्यासाठी नावामुळे वर्षाला साधारण १,२५० जादा रूम-नाइट विकल्या जायला हव्यात, म्हणजे रोज साडेतीन खोल्या. दुसऱ्या शब्दांत, हेच हॉटेल स्वतःच्या नावावर ४६-४७ टक्के भरत असेल तर ५५ टक्क्यांवर नेऊनही मालक जिथल्या तिथे. याहून वर जे जाईल तेवढीच नावाची कमाई. दर वाढवता आला तर चित्र सुधारते, पण दर वाढवण्याची जागा किती हे अकोल्याचा बाजार ठरवतो, कंपनी नव्हे.

यात जीएसटीचा एक खाचखळगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेऊन. वऱ्हाडातल्या जवळपास सगळ्या खोल्या या दरात येतात. पाहुण्याला खोली स्वस्त झाली हे खरे. पण फ्रँचायझी शुल्कावरचा १८ टक्के कर, जो पूर्वी वळता करून घेता येई, तो आता सरळ मालकाच्या खर्चात जातो. त्याआधी तयार केलेले प्रकल्प अहवाल त्यामुळे पुन्हा मांडावे लागतात.

भांडवलाच्या बाबतीत हॉटेलवाल्यांचा जुना ठोकताळा असा की खोलीमागे जेवढा खर्च आला त्याचा हजारावा भाग हा सरासरी दर मिळायला हवा. नव्या, नियमावलीत बसणाऱ्या इमारतीत खोलीमागे ३० लाख पडले तर दर ३,००० हवा. ४० खोल्यांचे १२ कोटी, त्यातले साठ टक्के दहा टक्के व्याजाने घेतले तर पहिल्या वर्षीचे व्याजच ७२ लाख. दोन कोटींतून पगार, वीज, डागडुजी, शुल्के भागवून हे व्याज आणि वर मुद्दल काढणे कठीण असते. ती तूट लॉन आणि भोजनगृह भरून काढतात, म्हणजे पुन्हा लग्नसराई. याउलट चालते हॉटेल नव्या नावाखाली नेताना जिना, अग्निशमन, स्नानगृहे, लिफ्ट, वायरिंग बदलण्याची यादी कंपनी हाती देते. हा खर्च आधी ठरतो त्याहून वाढतोच, तेव्हा यादी सहीपूर्वी मागून घ्यावी आणि स्थानिक ठेकेदाराकडून अंदाज घ्यावा.

कर्जाची एक बाजू इथे अनुकूल आहे. केंद्राच्या पायाभूत क्षेत्रांच्या यादीत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांबाहेरची तीन तारांकित व त्यावरची वर्गीकृत हॉटेले येतात. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत आणि अकोल्याची सव्वाचार लाख होती. दोन्ही शहरे बसतात. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या कर्जाचे दार उघडते, व्याज मात्र बँक आपल्याच हिशेबाने लावते. महाराष्ट्राने २०२० च्या अखेरीस आतिथ्य क्षेत्राला औद्योगिक दर्जा द्यायचे ठरवले. नोंदणी झालेल्या हॉटेलाला वीज, पाणी आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने लागावा असा त्याचा हेतू आहे. महावितरणच्या बिलात तो दर प्रत्यक्ष उतरेपर्यंत पाठपुरावा लागतो. लहान भांडवल असलेल्या महिला उद्योजकासाठी राज्याचे २०२३ चे ‘आई’ धोरण, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्यासह, साखळी-नावापेक्षा जास्त कामाचे ठरू शकते.

विजेचा मुद्दा वऱ्हाडात वरवरचा नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि वातानुकूलन यंत्र चोवीस तास चालते. कंपनीचा नमुना-खर्च समशीतोष्ण शहरावरून काढलेला असेल तर तो इथे टिकत नाही. पाण्याचेही तसेच. काटेपूर्णा धरणाच्या भरवशावर असलेल्या अकोल्यात नळाला पाणी काही दिवसांआड येण्याची सवय जुनी आहे. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त, त्यामुळे गीझरच्या कॉइल, शॉवरची जाळी आणि चादरींचा शुभ्रपणा यांचे आयुष्य घटते. तपासनीस करड्या पडलेल्या चादरीचे गुण कापतो, पाण्याची चौकशी करत नाही. मृदुकरण यंत्र आणि मोठी टाकी ही इथे चैन नसून पहिल्या दिवसाची गरज आहे.

परवान्यांचा पसारा कंपनी सांभाळत नाही. अकृषक वापर, डिसेंबर २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीप्रमाणे बांधकाम व पार्किंग, २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्याखालचा दाखला आणि दर सहा महिन्यांनी भरायचे ‘ब’ प्रपत्र, प्रदूषण मंडळाची संमती, अन्नपरवाना, परदेशी पाहुण्याची चोवीस तासांत नोंद, हे सर्व मालकाकडे. परमिट रूम हवी असेल तर एफएल-३ परवाना. तिथल्या मद्यावरचा व्हॅट २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. कुटुंबे उतरवणाऱ्या हॉटेलात परमिट रूमचा रस्ता वेगळा काढावा, हे वऱ्हाडातल्या जुन्या मालकांचे शहाणपण नियमावलीत नसले तरी खरे आहे.

शेवटी करार. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकण्यापूर्वी ठरावीक माहिती उघड करावीच लागते. इथे करार कायदा १८७२, व्यापारचिन्ह कायदा १९९९ आणि स्पर्धा कायदा २००२ यांवर भागवावे लागते. म्हणजे कंपनी सांगेल तेवढेच कळते, आणि उरलेले विचारून घ्यावे लागते: या नावाची दीड-दोनशे किलोमीटरमधली हॉटेले किती भरतात, गेल्या काही वर्षांत किती मालकांनी नाव सोडले, आणि त्यांचे फोन नंबर. नागपूरच्या मोठ्या नावांचा दाखला इथे चालत नाही, तो बाजार वेगळा. ज्या नावासाठी पैसे भरायचे ते व्यापारचिन्ह त्याच कंपनीच्या नावे नोंदलेले आहे का, हे सरकारी नोंदवहीत फुकट पाहता येते. ‘फ्रँचायझी देणे आहे’ म्हणून अनामत आधी मागणाऱ्यांच्या बाबतीत ही दहा मिनिटे फार मोलाची.

ओयोच्या निमित्ताने हा विषय देशभर चव्हाट्यावर आला. २०१३ मध्ये निघालेल्या या कंपनीने लहान हॉटेलांना किमान उत्पन्नाची हमी देऊन आपली पाटी लावली. पुढे सवलतीचे दर, वजावटी आणि थकबाकी यांवरून अनेक शहरांत मालक रस्त्यावर उतरले, आणि २०२० नंतर कंपनी हमीकडून उत्पन्न-वाटपाकडे वळली. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बुकिंग मंचावरून प्रतिस्पर्धी साखळ्यांना बाहेर ठेवणे हा त्यातला एक मुद्दा होता. खोलीचा दर कोण ठरवतो आणि सवलतीचा भार कोण उचलतो, ही दोन कलमे तेव्हापासून जाणता मालक आधी वाचतो.

छोट्या शहरात क्षेत्र-संरक्षणाचे कलमही तितकेच वजनाचे. अकोल्याएवढ्या बाजारात त्याच कंपनीच्या बहिणीसारख्या दुसऱ्या नावाने वर्षभरात शेजारी हॉटेल उघडले तर पहिल्याचे गणित कोसळते. म्हणून संरक्षण एका नावापुरते नको, कंपनीच्या सर्व नावांना आणि सबंध शहराला लागू हवे. मुदत दहा ते वीस वर्षांची असते. मधूनच बाहेर पडल्यास उरलेल्या काळाच्या शुल्काइतकी भरपाई मागितली जाते, तेव्हा तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी ठरावीक टक्के खोल्या न भरल्यास विनाभरपाई बाहेर पडण्याची मुभा आधीच लिहून घ्यावी. नाव सुटल्यावर पाहुण्यांचे फोन नंबर आणि आगाऊ बुकिंग कोणाचे, हेही तेव्हाच ठरावे. लवादाचे ठिकाण छापील नमुन्यात बहुधा गुरुग्राम किंवा मुंबई असते. ते नागपूर करून घेता आले तर घ्यावे, कारण पाच-दहा लाखांच्या वादासाठी एवढ्या लांबच्या फेऱ्या मारणे अकोल्याच्या मालकाला परवडत नाही, आणि समोरच्याला ते ठाऊक असते.